मंगळ, मु. पो. हँक्सव्हिल

परत आल्यावर वर्गात पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, मंगळावर तुम्ही नेमकं केलंत काय?"

खरं उत्तर द्यायचं तर लादी पुसली. रोज. शिवाय पाणी मोजलं, भांडी पुसली, अहवाल लिहिले आणि उरलेल्या वेळात थोडंसं भूविज्ञान केलं. मुलं हसली. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मंगळ म्हणजे अर्थात खोटा मंगळ. अमेरिकेच्या युटा राज्यात हँक्सव्हिल नावाचं इवलंसं गाव आहे, त्याच्याजवळच्या तांबड्या-करड्या माळावर मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन उभं आहे. रॉबर्ट झुब्रिन यांनी १९९८ साली काढलेली मार्स सोसायटी ते चालवते. त्यांचं पहिलं ठाणं कॅनडाच्या आर्क्टिक भागात डेव्हन बेटावर. हे दुसरं, आणि इथे २००२ पासून सहा-सात जणांच्या तुकड्या येऊन साधारण दोन-दोन आठवडे मंगळावर असल्यासारख्या राहतात. मी भूविज्ञान शिकवते. लोणारचं विवर बघत माझी बरीच वर्षं गेली, कारण बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, उल्का आदळून झालेली विवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि मंगळावर ती जिकडे तिकडे. त्या ओळखीच्या जोरावर अर्ज केला आणि निवड झाली. व्हिसा, रजा, प्राचार्यांची सही हे सगळं सांगण्यात अर्थ नाही.

पोहोचायचा दिवस

कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला सगळे भेटलो. सहा जण. कमांडर कॅनडाची, पन्नाशी ओलांडलेली, पेशाने वैमानिक. इंजिनिअर बेल्जियमचा. आरोग्य आणि सुरक्षेची जबाबदारी एका अमेरिकन नर्सकडे. हरितगृह सांभाळायला पेरूचा एक पोरगेलासा वनस्पतिशास्त्रज्ञ. एक स्पॅनिश खगोलवाली, तीच वार्ताहरही. आणि मी. माझी बॅग विमान कंपनीने भलत्याच शहरी पाठवली होती, ती दुसऱ्या दिवशी आली. तोवर नर्सबाईंचे मोजे.

गाडीने अडीच तास. ग्रीन रिव्हर गाव मागे टाकलं की दक्षिणेला वळायचं, मग रस्त्यावर आपणच. हँक्सव्हिलची वस्ती जेमतेम दोनशेची. गावात पेट्रोलपंपाचं दुकान आहे, 'हॉलो माउंटन' नावाचं, चक्क टेकडी कोरून आत केलेलं. वेरूळच्या मुलखातून आलेल्या बाईला डोंगर कोरून चिप्स विकायला ठेवलेले बघून काय वाटलं असेल! गल्ल्यावरच्या आजोबांनी आमच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मंगळवाले?" आम्ही मान डोलावली. "टॉयलेट वापरून घ्या," ते म्हणाले. पुढच्या दोन आठवड्यांत मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत मोलाचा.

गावापासून काही मैल गेलं की डांबरी रस्ता सोडून जे वळण लागतं, त्या वाटेचं नकाशावरचं नाव 'काऊ डंग रोड'. शेणवाट. मंगळावर जायला शेणवाटेनेच जावं लागतं हे मला फार आवडलं.

सोल १

मंगळाच्या दिवसाला 'सोल' म्हणतात. खरा सोल २४ तास ३९ मिनिटांचा असतो, आमचा मात्र पृथ्वीच्याच घड्याळाचा.

मधोमध एक पांढरं, दोन मजली, पिंपासारखं गोल घर. हेच हॅब. खालच्या मजल्यावर पोशाखांची खोली, एअरलॉक (बाहेर पडण्याआधी थांबायची दोन दारांमधली बंद खोली), न्हाणी, संडास. वर स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचं टेबल आणि कडेने निमुळत्या खोल्या. माझ्या खोलीत हात पसरले की दोन्ही भिंतींना लागत. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, बेल्जियमच्या माणसाला मात्र दोन दिवस लागले. हॅबपासून बोगद्यांसारख्या झाकलेल्या वाटा निघतात आणि हरितगृह, विज्ञानाचा घुमट, दुरुस्तीचं दालन यांना जोडतात. दुरुस्तीचं दालन म्हणजे जुन्या चिनूक हेलिकॉप्टरचं धड. बोगद्यांत हवा आहे असं मानायचं, म्हणून तिथे साध्या कपड्यांत फिरता येतं. त्यापलीकडे एक पाऊलही पोशाखाशिवाय टाकायचं नाही.

आदल्या तुकडीने सगळं समजावून दिलं, रेडिओ कसा धरायचा, रोव्हर नावाच्या गाडीची बॅटरी किती उरली की मागे फिरायचं, पाण्याच्या टाकीची पातळी कुठे वाचायची. जाताना त्यांच्यातला एक जण माझ्या कानात म्हणाला, "अंड्याची भुकटी पाण्यात आधी भिजव, नाहीतर वाळू खाल्ल्यासारखं लागतं." मग गाडी निघून गेली. धुळीचा लोट बराच वेळ दिसत होता.

*जायचं असेल तर:* ठाण्यातला हंगाम साधारण शरदापासून वसंतापर्यंत, कारण उन्हाळ्यात तिथे भाजून निघतं. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो. दिवसा स्वेटर पुरतो, रात्री पाणी गोठतं. उंची साधारण १३०० मीटर, म्हणजे महाबळेश्वराइतकी, पण हवा ठणठणीत कोरडी. ओठांना लावायला मलम, नाकासाठी सलाईनचा फवारा आणि हाताला चोळायला चांगलं तूप न्याच. आणि सहज बघायला म्हणून जाऊ नका, आत माणसं सोंग धरून बसलेली असतात, ते मोडतं.

सोल २

पहिली ईव्हीए, म्हणजे पोशाख घालून बाहेर पडणं. सोप्या भाषेत, फिरायला जायला पाऊण तासाची तयारी.

आधी अंगात उबदार कपडे, त्यावर पोशाख, पायात बूट, कानात रेडिओ, डोक्याला घट्ट टोपी (रेडिओची वायर सरकली तर नंतर हात आत घालता येत नाही), मग पाठीवर पंख्यांची पेटी आणि शेवटी शिरस्त्राण. पंखे बाहेरचीच हवा आत सोडतात, खरा दाब वगैरे काही नसतो. तरी काचेमागे आपलाच श्वास ऐकू यायला लागला की सोंग आपोआप खरं वाटायला लागतं. एअरलॉकमध्ये पाच मिनिटं उभं राहायचं, दाब कमी होतोय असं समजून. त्या पाच मिनिटांत कुणी बोलत नाही. का कोण जाणे.

दार उघडलं आणि समोर सगळं ओळखीचं निघालं. ठाण्याभोवतीच्या टेकड्या मॉरिसन फॉर्मेशन नावाच्या खडकथरांच्या, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्युरासिक काळातल्या. तांबडे, जांभळट, राखी, हिरवट पट्टे एकावर एक. त्यातली बरीचशी माती म्हणजे ज्वालामुखीच्या राखेची झालेली बेंटोनाइट चिकणमाती. वरून बघावं तर टेकडीवर कुणीतरी लाह्या पसरून ठेवल्यासारखी. पाऊल टाकलं की कुरकुरत खचते. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि असं हजारो वेळा झालं की तिच्या अशा लाह्या होतात.

गुडघ्यावर बसून ती हातमोज्याने उचलली आणि रेडिओवर बोलून गेले, "ही आमच्याकडची काळी माती आहे." मराठीत. पलीकडे शांतता. मग कमांडर म्हणाली, "हॅबला मराठी कळत नाही, पुन्हा सांग."

पण खरंच, नातं सख्खं आहे. आपल्या कापसाच्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याही याच जातीच्या खनिजांमुळे. स्मेक्टाइट म्हणतात त्यांना. आणि हेच कूळ मंगळावर गेल क्रेटर नावाच्या विवरात नासाच्या क्युरिऑसिटी या यंत्रगाडीला सापडलंय. म्हणजे कधीकाळी तिथे पाणी होतं. युटा, मंगळ आणि परभणी एका पाटावर बसवणारी ही माती.

सोल ३ आणि ४

दिनक्रम लागला. सातला उठा, टाकीची पातळी लिहा, प्रोपेन गॅस किती टक्के उरलाय लिहा, बॅटऱ्या लिहा. नाश्ता. सकाळी दोघं-तिघं बाहेर, बाकीचे आत. दुपारी जेवण, लादी, काम. संध्याकाळी सात ते नऊ संपर्काची वेळ, ती सगळ्यांत धांदलीची. रोजचे अहवाल पाठवायचे: सोलचा गोषवारा, बाहेर गेलेल्यांचा अहवाल, यंत्रांचा, हरितगृहाचा, वार्ताहराचा, फोटो. उद्या बाहेर जायचं असेल तर कोण, कुठे, किती वाजता, कशासाठी, हे सगळं लिहून परवानगी मागायची आणि ती येईपर्यंत ताटकळायचं. मी सरकारी अनुदानित कॉलेजात नोकरी करते. मला या भागासाठी वेगळं प्रशिक्षण लागलं नाही.

आमचे सात म्हणजे भारतात सकाळचे साडेसात. आईचा दुसरा चहा. इंटरनेट मोजूनमापून मिळायचं, त्यामुळे दोन ओळींच्या वर काही लिहीत नसे. आईचं उत्तर आलं, "तिथं पाणी कुठनं येतं गं?" लिहिलं, "बाहेरून आणून टाकीत भरतात." तिचं उत्तर, "म्हणजे टँकरच की."

आम्ही माणदेशातले. दहिवडीच्या पुढे आमचं गाव. पावसाळा आम्हाला टाळूनच जातो. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं पाणी कढीपत्त्याला, अंघोळीचं पाणी सांडग्याच्या... नाही, सांडग्याच्या नाही, जास्वंदीच्या आळ्यात. हे लहानपणी अंगवळणी पडलेलं. इथे अंघोळ तीन दिवसांतून एकदा, आणि तीही शॉवर चालू-बंद करत. पहिल्याच पाळीला मी मोजमापाचा दीड लिटरचा जग घेऊन आत गेले, दोन जगांत अंघोळ, एकात डोक्यावरून. बाहेर आले तर इंजिनिअर टाकीच्या आकड्याकडे बघत उभा. "तू अंघोळ केलीस की नुसतीच आत उभी राहिलीस?" चौथ्या सोलपर्यंत सगळ्यांना जग लागायला लागला. तांब्या हा शब्द त्यांच्या तोंडी 'टांबिया' झाला.

सोल ५

आता हिंगाची गोष्ट.

खायला असतं ते सगळं सुकवलेलं. सुकवलेला मका, वाटाणे, गाजर, कांदा, मांसाचे खडखडीत तुकडे, दुधाची भुकटी, चीजची भुकटी, पीठ, मसूर, भात. काहीच वाईट नाही, पण सगळ्याला एकच चव, पुठ्ठ्याची. मी घरून तीन पुड्या नेल्या होत्या: मेतकूट, गोडा मसाला आणि खडा हिंग. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी माझी. मसूर शिजले. तेल तापलं, आणि कुटलेला हिंग जरा सढळ हाताने पडला.

बंद पिंपात सहा माणसं. खिडक्या उघडत नाहीत. वास जाणार कुठे?

आधी खालच्या मजल्यावरून इंजिनिअरची हाक आली. मग धडाधड जिन्यावर पावलं. "गॅस! गॅस!" हॅब गरम ठेवायला प्रोपेन वापरतात, आणि प्रोपेनला स्वतःचा वास नसतो म्हणून त्यात गंधकाचं दुर्गंधी द्रव्य घालतात, गळती कळावी म्हणून. आणि हिंगाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. नर्सबाईंनी सेकंदात शेगडी बंद केली, सगळ्यांना खाली पाठवलं, कमांडरने उजळणी केल्याप्रमाणे माणसं मोजली. मी हातात झारा घेऊन "अरे, हिंग आहे, हिंग!" म्हणतेय, पण हिंगाला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना.

मग इंजिनिअरने यंत्र घेऊन सगळे सांधे तपासले. गळती नव्हती. त्याने माझी डबी हुंगली आणि इतका वेळ हसत सुटला की भिंतीला टेकून बसला. कमांडरने त्या रात्रीच्या अहवालात लिहिलं, "गॅसगळतीचा सराव, विनानियोजित, समाधानकारक." आमटी गार झाली होती. तरी भांडं चाटूनपुसून संपलं. दुसऱ्या दिवशीपासून फोडणी देण्याआधी रेडिओवर सांगायची पद्धत पडली: "हॅब, मी हिंग टाकतेय." "समजलं, टाक."

*जायचं असेल तर:* वासाचे पदार्थ न्याच, पण आधी सांगा. जेवण हीच तिथली एकमेव करमणूक आहे.

सोल ६ आणि ७

रात्री पाऊस आला. छपरावर टपटप ऐकून मी उठून बसले, दुष्काळी माणसाला झोप लागते का! सकाळी मात्र सगळं बंद. बेंटोनाइट भिजला की साबण होतो, रोव्हर रुतते, आणि चाकांचे व्रण माळावर वर्षानुवर्षं राहतात. त्यामुळे ओल असेपर्यंत बाहेर जायला मनाई. दोन दिवस सहा जण पिंपात.

हरितगृहात ऊब होती, तिथे मी पेरूच्या पोराशेजारी बसून टोमॅटोच्या काड्या बांधल्या. मुळा, केल, टोमॅटो, कोथिंबीर. त्या दिवशी कोथिंबीर कापली, वजन केलं, अठरा ग्रॅम. ते पृथ्वीला कळवावं लागलं. आधीचं हरितगृह २०१४ च्या डिसेंबरात जळालं होतं, हे त्यापुढचं. म्हणून तो हीटरकडे सारखा बघत राहायचा.

बोलता बोलता सुकवलेल्या जेवणावर गाडी आली. त्याची आजी अँडीजच्या डोंगरातली. तिच्याकडे बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, कडाक्याच्या थंडीने ते गोठतात, दिवसा उन्हात वितळतात, मग पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं आणि पुन्हा वाळवायचे. असं काही दिवस केलं की हलके खडे उरतात. चुन्यो म्हणतात. वर्षानुवर्षं टिकतात. "म्हणजे फ्रीज-ड्राय," मी म्हटलं. "म्हणजे फ्रीज-ड्राय, फक्त आजीच्या पायांनी," तो म्हणाला. मग मी त्याला चैत्रातली गच्ची सांगितली. कुरडयांचा चीक, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, राखणीला काठी घेऊन बसवलेली पोरं, आणि ओली कुरडई चोरून खाल्ल्यावर पाठीत बसलेला धपाटा. त्याने वहीत 'कुरडई' लिहून घेतलं. आम्ही दोघं ओट्यावरच्या सुकवलेल्या वाटाण्यांच्या चकचकीत डब्याकडे जरा तुच्छतेनेच बघू लागलो.

सोल ८

माळ वाळला. ज्यासाठी आले होते तो दिवस.

ठाण्याच्या परिसरात उलट्या नद्या आहेत. ऐकायला विचित्र वाटतं, पण गोष्ट साधी आहे. ज्युरासिक काळात इथून नद्या वाहत होत्या, पात्रात वाळू आणि गोटे साठत होते. पुढे त्या गाळात खनिजं मुरून तो दगडासारखा घट्ट झाला. काठावरची चिकणमाती मात्र मऊच राहिली. कोट्यवधी वर्षांनी वारा-पावसाने ती मऊ माती वाहून नेली आणि खोलगट असलेलं पात्र आता उंच कण्यासारखं माळावर उभं राहिलं. मंगळाच्या फोटोंत असे वळणदार कणे कितीतरी दिसतात. तिथे माणूस जाईल तेव्हा त्यावर चढून काय बघेल, याचीच रंगीत तालीम.

मी आणि खगोलवाली, एक रोव्हर. विजेवर चालणारी, दोघांची. दूर फॅक्टरी ब्यूट नावाच्या एकट्या डोंगराचा करडा कडा, दक्षिणेला हेन्री माउंटन्सवर बर्फ. रोव्हर खाली ठेवून कण्यावर चढलो. वरती गोटे, एकमेकांत चिकटलेले, प्रवाहाच्या दिशेने कललेले. ज्या दिशेने पाणी गेलं ती दिशा अजून दाखवतायत.

आणि इथे मला कळलं की मी अर्धी भूवैज्ञानिक आहे. आम्ही दगड कसा ओळखतो? भिंग डोळ्याला अगदी चिकटवून, दगड भिंगाजवळ आणून. मधे काच असेल तर भिंग डोळ्यापाशी जातच नाही. बोटांनी चोळून? हातमोजे जाड. आणि शेवटचा उपाय, जो आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो पण पालकांना सांगत नाही: चावून बघायचा. दातांत करकरला तर गाळमाती, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. मी सवयीने दगड तोंडाकडे नेला आणि तो टक्कन काचेवर आपटला. खगोलवाली रेडिओवर हसून हसून कमांडरला सांगत होती, "ती दगड खातेय!"

मग मोबाइलचा कॅमेरा दगडाला भिडवून फोटो काढले, पडद्यावर मोठे करून बघितले. क्युरिऑसिटीच्या हातावर याच कामाचा कॅमेरा आहे, आणि त्याच्या नावातच 'हँड लेन्स' आहे. त्या यंत्राची मला पहिल्यांदाच कीव आली.

परतताना मी जाड बोटाने रेडिओचं चॅनेल बदलून बसले. दहा मिनिटं हॅबला मी ऐकू येत नव्हते, हॅब मला. खगोलवालीने हातवारे करून दाखवलं तेव्हा कळलं. त्या रात्रीच्या अहवालात हे मी स्वतः लिहिलं. लिहायला जड गेलं.

*जायचं असेल तर:* काचेवर आतून साबणाचा पातळ हात फिरवा, वाफ धरत नाही. नाक खाजेल, त्यावर उपाय नाही. आणि वाटेत शिंपल्यांचे किंवा हाडांचे अश्म दिसले तर फोटो काढा, उचलू नका. सरकारी जमिनीवरची प्राण्यांची हाडं परवान्याशिवाय उचलणं तिथे गुन्हा आहे.

सोल ९, १०

भांडण झालं. सांगण्यासारखं कारण नाही. कुणीतरी पाळी नसताना केस धुतले, टाकीचा आकडा बोलला, आणि इंजिनिअरने तो आकडा जेवताना मोठ्याने वाचला. त्यानंतर दोन दिवस टेबलावर फक्त "मीठ दे" आणि "अहवाल झाला का". दोघं मोठी, शिकलेली माणसं. आमच्या गावात हंड्यावरून दोन जावांची वर्षभर बोलचाल बंद होती, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. दहाव्या रात्री कमांडरने सौरदुर्बिणीचे फोटो दाखवायला खगोलवालीला बोलावलं आणि मुद्दाम इंजिनिअरलाच प्रोजेक्टर जोडायला लावला. सूर्यावरचे डाग बघता बघता तो हळूच म्हणाला, "माझ्या वाटचं पाणी तू उद्या घे." मिटलं.

सोल ११

शेवटची लांब फेरी. पश्चिमेकडे जाऊन येताना कडेच्या वाटेवर एटीव्ही, म्हणजे माळरानावर फिरवायच्या चारचाकी गाड्यांवरून चार माणसं आली. जीन्स, गॉगल, एकाच्या हातात पेयाचा कॅन. मंगळावर! नियमाप्रमाणे ती आम्हाला दिसत नाहीत असं समजायचं. आम्ही तिघं शिरस्त्राणांत ताठ उभे. त्यांनी गाड्या थांबवल्या, टक लावून बघितलं, मग सगळ्यांत लहान मुलाने हात हलवला. नर्सबाईंनी अवजड हातमोजा वर करून हलवला. अहवालात ते आलं नाही.

सोल १२ आणि उतरणं

सगळं घासूनपुसून ठेवलं. दुसऱ्या सकाळी कमांडरने एअरलॉकची पाच मिनिटं न मोजता दार सरळ उघडलं. वारा तोंडावर आला. ओल्या झुडपांचा, मातीचा वास. मी वाकून एक लाही उचलली आणि सगळ्यांसमोर चावली. लोण्यासारखी. चिकणमाती.

पुढची तुकडी दुपारी आली. त्यांना टाकी, रेडिओ, रोव्हर दाखवलं, अंड्याच्या भुकटीचा सल्ला पुढे दिला. उरलेला गोडा मसाला डबीत भरून कपाटात ठेवला, वर मार्करने मराठीत नाव लिहिलं. घाईत इंग्रजी लिहायचं राहून गेलं. हिंग मात्र इंजिनिअरने मागून घेतला, घरी ब्रसेल्सला न्यायला.

दहा दिवसांनी पुढच्या तुकडीतल्या एकीची मेल आली. कपाटातल्या डबीबद्दल आभार मानायला. कुणीतरी अक्षरांचा फोटो काढून फोनवर भाषांतर करून घेतलं, तर 'गोड मसाला' असं आलं, म्हणून त्यांनी तो साखरेबरोबर पॅनकेकवर भुरभुरला. सगळ्यांना फार आवडला. अजून मिळेल का, असं विचारलंय.

आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "खोबरं जास्त पडलं असेल यंदा."